रंगाच्या डबीलाही मुदत असते

औषधाच्या पट्टीवरची तारीख पाहून मगच गोळी घ्यायची, ही सवय आता आपल्याकडे बऱ्यापैकी रुजली आहे. खेड्यातून येणाऱ्या आजीबाईसुद्धा पट्टी पुढे करून "तारीख तेवढी बघा बरं डॉक्टर" असे म्हणतात. ब्रेडच्या पुड्यावरची, तेलाच्या पिशवीवरची तारीखही हल्ली पाहिली जाते. मात्र घराच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा दिवाणाच्या पोटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या रंगाच्या डब्यांची तारीख सहसा कोणी पाहत नाही. त्या डब्यांशेजारी ठेवलेली थिनरची बाटली तर कोणाच्या खिजगणतीतही नसते. आजचा लेख त्या डब्यांविषयी आणि त्या बाटलीविषयी आहे.

आरोग्याच्या सदरात रंगाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हौशी रंगकाम आता घरोघरी चालते. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमाने, रणगाडे, आगगाड्या जुळवून त्यांना हुबेहूब रंग देण्याचा छंद पूर्वी मोठ्या शहरांतल्या मोजक्या मुलांना परवडत असे. आता ती खोकी पोस्टाने आपल्या तालुक्याच्या गावीही येतात. त्याखेरीज शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले धरणाचे मॉडेल, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, गणपतीची आरास हे सारे आहेच. प्रत्येक कामासाठी चार-सहा डब्या आणल्या जातात, निम्मा रंग वापरला जातो आणि उरलेला "पुढच्या वर्षी होईल" म्हणून माळ्यावर जातो. हौसेला मोल नसते हे खरे, परंतु हौस संपल्यावर घरात जे उरते त्याची जबाबदारी असते.

रंग खराब होतो म्हणजे काय?

रंगाला मुदत असते का, याचे उत्तर रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. कोणत्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि हे दोन्ही पातळ ठेवणारा द्रव. पूड सहसा टिकते. बिघडतात ते उरलेले दोन.

पोस्टर कलर पाण्यात कालवलेला आणि डिंकासारख्या पदार्थाने बांधलेला असतो. तो वाळून खडा झाला तरी पाणी घालून पुन्हा मऊ होतो. ॲक्रिलिक रंगही पाण्याचाच, पण त्यातला चिकट पदार्थ प्लॅस्टिकच्या जातीचा. तो एकदा वाळला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. या पाण्याच्या रंगांचा खरा शत्रू म्हणजे जंतू आणि बुरशी. वापरलेला घाण ब्रश डबीत बुडवला, उरलेला पातळ केलेला रंग परत डबीत ओतला किंवा नळाचे पाणी घातले, की काही दिवसांनी झाकण उघडताच कुजका वास येतो, कडेला काळे ठिपके दिसतात. असा रंग सरळ टाकून द्यावा. तो वाचवण्यासाठी त्यात डेटॉल, फिनेल घालण्याचे प्रयोग करू नयेत. हे रंग टिकावेत म्हणून कारखान्यातच त्यांत जंतुनाशके घातलेली असतात. त्यांतल्या आयसोथायाझोलिनोन गटातल्या द्रव्यांची काहींच्या कातडीला ॲलर्जी होते. रंगकामानंतर बोटांच्या बेचक्यात वारंवार खाज आणि पुरळ येत असेल, तर गजकर्ण समजून मलम चोळत बसण्याआधी रंगाचा संशय घ्यावा.

इनॅमल म्हणजे ज्याला आपण ऑईल पेंट म्हणतो, त्याचे वागणे वेगळे. तो केवळ द्रव उडून वाळत नाही. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो. म्हणून डबी अर्धी रिकामी झाली की उरलेल्या जागेतली हवाच रंगाला लागते आणि दुधावर धरावी तशी वर साय धरते. ही साय ढवळून आत मिसळू नये, कापून बाहेर काढावी आणि खालचा रंग जुन्या नायलॉनच्या कपड्यातून गाळून घ्यावा. खालचा रंगही खरवसासारखा थलथलीत झाला असेल तर त्यात कितीही थिनर ओतले तरी तो सुधारत नाही. डबी बंद करताना काठावर ओघळलेला रंग चिंधीने पुसला आणि झाकण चारी बाजूंनी नीट दाबून बसवले, तर हाच रंग अनेक वर्षे टिकतो. ब्रिटनच्या हम्ब्रोल कंपनीची मॉडेल रंगवण्याची १४ मिलिलिटरची इवलीशी पत्र्याची डबी नीट मिटलेली असेल, तर दहा-पंधरा वर्षांनीही ढवळून वापरता येते, असा हौशी मंडळींचा अनुभव आहे.

लॅकर आणि स्प्रे यांत उडून जाणारी द्रावणे सर्वांत जास्त. लॅकर घट्ट झाला तर त्याच्याच थिनरने पुन्हा पातळ होतो, म्हणून तो टिकाऊ समजला जातो. पण त्याची वाफ सर्वांत जलद उडते, पेटते आणि डोक्यात भिनते. येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. ॲक्रिलिक लिहिले आहे म्हणजे केवळ पाणी, असे नाही. मॉडेलसाठी येणाऱ्या काही जपानी ॲक्रिलिक रंगांत स्पिरिटच्या जातीचे द्रव्य असते आणि ते पेट घेते. तेव्हा नावावर न जाता डबीवरची सूचना वाचावी.

येथवर झाले ते रंगकामाचे शास्त्र. रंग चालेल की नाही, हे त्यावरून कळते. पण डॉक्टर म्हणून मला पडणारे प्रश्न निराळे आहेत. हा द्रव कोणत्या बाटलीत आहे, डबी कोणत्या सालातली आहे आणि ती घरात कोठे ठेवली आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे बरोबर असतील तर जुना रंगही फारसा त्रास देत नाही. ती चुकीची असतील तर काल आणलेला रंगही घात करतो.

बाटली बदलली की घात झाला

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाईन आणि थिनर सुटे मिळते. गिऱ्हाईक घरून बाटली नेते, दुकानदार नरसाळ्याने ओतून देतो. बाटली कोणती? जी हाताला लागेल ती. बहुधा थंड पेयाची, नाहीतर मिनरल वॉटरची. द्रव पाण्यासारखा पांढरा स्वच्छ. घरी आल्यावर ती खिडकीत, टेबलावर किंवा मोरीच्या कठड्यावर राहते. ब्रश धुण्यासाठी त्यातलेच थोडे एखाद्या कपात किंवा स्टीलच्या वाटीत काढलेले असते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. आजोळी आलेला. मोठा मामेभाऊ विमानाचे मॉडेल रंगवून जेवायला उठला होता. धाकटा अंगणातून खेळून तहानलेला आला आणि टेबलावरची पाण्याची बाटली त्याने तोंडाला लावली. दोन घोट गेले असतील नसतील. ठसका लागला, रडला. शेजारच्या कोणी सांगितले म्हणून घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून त्याला ओकायला लावले. माझ्याकडे आला तेव्हा श्वास मिनिटाला साठच्या वर, नाकपुड्या फुललेल्या, तोंडाला थिनरचा भपकारा. मी ऑक्सिजन लावून त्याला तसाच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. पाच दिवस तो रुग्णालयात होता. पोर वाचले. पण त्या पाच दिवसांत त्या घरावर जे गुजरले ते केवळ एका बाटलीपायी. त्या घरात कोणी निष्काळजी नव्हते. पाण्याच्या बाटलीत पाणी असते, एवढाच विश्वास त्या मुलाने ठेवला होता.

रॉकेल, टर्पेंटाईन, थिनर हे द्रव पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाण्याने अधिक मारतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते पातळ आणि निसरडे. गिळताना ठसका लागला की थोडासा भाग श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसाच्या नाजूक पिशव्यांवर पसरतो. या पिशव्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून निसर्गाने त्यांना आतून एक अस्तर दिलेले असते. ते अस्तर धुऊन निघते, पिशव्या मिटतात, सूज येते आणि मूल धापा टाकू लागते. यासाठी पेलाभर प्यावे लागत नाही, श्वासनलिकेत गेलेला चमचाभर द्रवही पुरतो. उलटी करवली की तोच द्रव दुसऱ्यांदा घशाशी येतो आणि फुप्फुसात जायला त्याला दुसरी संधी मिळते.

म्हणून पुढील गोष्टी कात्रण काढून ठेवाव्यात अशा आहेत. थिनर, टर्पेंटाईन किंवा रॉकेल पोटात गेल्यास उलटी करवू नये. मीठपाणी, तूप, तेल, दूध पाजू नये, घशात बोटे घालू नयेत. तोंड पुसून घ्यावे. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून कातडी साबणाने धुवावी. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात जावे. बाटली किंवा डबी बरोबर न्यावी. आतले द्रव्य कोणते हे समजले की डॉक्टरांचे अर्धे काम होते. मूल हसतेखेळते असले तरी निदान सहा तास ते वैद्यकीय देखरेखीखाली असावे, कारण खोकला आणि धाप काही वेळा उशिरा सुरू होतात. डोळ्यात उडाल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट पालकांनी मनात ठेवावी. थिनरची वाफ मुद्दाम हुंगण्याचे व्यसन कुमारवयीन मुलांत आढळते आणि ते फक्त शहरातल्या रस्त्यावरच्या मुलांपुरते नाही. या वाफेने हृदयाचे ठोके अनियमित होऊन अचानक मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या खेपेलाही. घरातली बाटली वापराच्या मानाने लवकर रिकामी होत असेल तर आरडाओरड न करता मुलाशी बोलावे. थिनर कुलपात ठेवण्याचे हेही एक कारण.

न नासलेला रंग

आता दुसरा प्रश्न, डबी कोणत्या सालातली? वर म्हटले की इनॅमल नीट ठेवला तर पुष्कळ वर्षे टिकतो. हा त्याचा गुण, पण आरोग्याच्या दृष्टीने हाच त्याचा दोष. पिवळा, नारिंगी, शेंदरी, पोपटी असे झगझगीत तेलरंग पूर्वी सर्रास शिशाच्या क्षारांपासून बनत. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिसे घालत. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा सक्तीचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डबीत शिसे किती आहे, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. माळ्यावर २००५ सालची पिवळ्या रंगाची डबी असेल, झाकण काढल्यावर आत रंग लोण्यासारखा मऊ निघाला, तर आपण खूष होतो. मी म्हणेन, तोच रंग मुलांच्या हाती देऊ नका. कुजलेला रंग निदान वासाने सावध करतो. शिशाला वास नाही.

शिसे शरीरात गेल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. ते हळूहळू साठते, मुख्यतः हाडांत. लहान मुलांचे आतडे अन्नावाटे आलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. रक्तात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते, आणि आपल्याकडे पांढुरकी, माती खाणारी मुले किती आहेत हे मी वेगळे सांगायला नको. परिणाम काय? अभ्यासात मन न लागणे, चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे आणि बुद्धीची वाढ खुंटणे. यांतले एकही लक्षण "मी शिशामुळे आलो" असे सांगत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे सांगितले. निर्धोक म्हणता येईल अशी शिशाची पातळी माहीतच नाही, असेही ही संघटना सांगते. गरोदर स्त्रीच्या रक्तातले शिसे वारेतून गर्भापर्यंत जाते, तेव्हा घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असताना जुन्या रंगांचे घासकाम काढू नये.

वरचा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, हेही ध्यानात घ्यावे. मोटारी आणि यंत्रे रंगवण्याचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. काही हौशी मंडळी गॅरेजमधून उरलेला रंग आणून खेळणी रंगवतात. मुलांच्या हाती जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला असा रंग देऊ नये. विकत घेताना डबीवर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख आहे ना, हे पाहावे.

शिसे तोंडात जाण्याचे दोन मार्ग रंगकाम करणाऱ्यांनी स्वतःच उघडे ठेवलेले असतात. एक म्हणजे जुना रंग पॉलिश पेपरने कोरडाच घासणे. त्याची धूळ बोटांवर, जमिनीवर, रांगत्या मुलाच्या तळहातावर बसते. घासायचेच असेल तर कागद ओला करून घासावे आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी. दुसरा मार्ग म्हणजे ब्रशचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करणे. डोळे, बटणे, बिल्ले असे बारीक काम करताना कित्येकांना ही खोड असते. चित्रकारांना होणारे रोग हा विषय जुना आहे. इटलीचा वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात चित्रकारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी १९१७ पासून घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना ब्रश ओठांनी टोकदार करायला शिकवले गेले. पुढे त्यांच्या जबड्याची हाडे सडली, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. आपल्या डबीत रेडियम नाही, पण ओठांची सवय तीच आहे. ब्रशचे टोक ओल्या फडक्यावर फिरवूनही निघते.

ठेवायचे कोठे?

तिसरा प्रश्न जागेचा. आपल्या हवेत रंगाचे दोन वैरी, उन्हाळा आणि पावसाळा. पत्र्याखालचा माळा मे महिन्याच्या दुपारी भट्टी होतो. टर्पेंटाईनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सियसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते, टोल्युइनची अवघ्या ४ अंशांना आणि ॲसिटोनची तर शून्याखालीही. टोल्युइन आणि ॲसिटोन ही दोन्ही द्रव्ये थिनरमध्ये नेहमी आढळतात. म्हणजे उन्हाळ्यातच कशाला, ऐन थंडीतही सैल झाकणाच्या थिनरच्या बाटलीजवळ काडी ओढणे धोक्याचे. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांहून अधिक तापमानात ठेवू नये असे लिहिलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या पेटीत तेवढे तापमान सहज होते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, पत्र्याच्या झाकणाला गंज चढतो, कागदी लेबल सुटते किंवा त्याचा लगदा होतो. लेबल गेले की त्या डबीची ओळख गेली. तिची जात, साल, त्यातले विष काहीच कळत नाही. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. डबी आणली त्याच दिवशी लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि बुडावर मार्कर पेनाने आणल्याची व उघडल्याची तारीख लिहावी.

घरात डब्या ठेवायला कोरडी, सावलीतली, हवा खेळती राहील अशी आणि पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचणार नाही अशी जागा शोधावी. शक्य तर कुलूप असलेले लहान कपाट. स्वयंपाकघर, गॅसच्या टाकीची जागा, देवघरातल्या समईचा कोनाडा, इन्व्हर्टरची बॅटरी यांच्या आसपास नको. गारव्यासाठी फ्रिजमध्ये तर मुळीच नको. तेथे अन्न असते, शिवाय बंद कप्प्यात साठलेली वाफ आतल्या विजेच्या ठिणगीने भडकू शकते. धान्याच्या कोठीजवळ नको आणि औषधाच्या कपाटातही नको. १४ मिलिलिटरची डबी आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली रात्रीच्या अंधारात हाताला सारखीच लागते.

चिंध्यांचेही सांगितले पाहिजे. जवसाच्या तेलात किंवा तेलरंगात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर वाळताना त्यात उष्णता साठते आणि काडी न लावता तो पेटू शकतो. चिंध्या अंगणात पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. हात थिनरने धुऊ नयेत. त्याने कातडीतला स्निग्धांश जाऊन भेगा पडतात. खोबरेल किंवा गोडेतेल चोळून रंग सैल करावा आणि मग साबण लावावा. रंगकाम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि खाणेपिणे दुसऱ्या खोलीत.

टाकायचे कसे?

काटकसर हा आपला गुण आहे आणि तो मला प्रिय आहे. पण काटकसर आणि साठवण यांत फरक आहे. शंभर रुपयांची मोठी डबी घेऊन ऐंशी रुपयांचा रंग माळ्यावर टाकण्यापेक्षा चाळीस रुपयांची छोटी डबी संपवणे, ही खरी काटकसर. तरीही उरलाच तर शाळेला, शेजाऱ्याला, ओळखीच्या पेंटरला द्यावा, मात्र मूळ डबीसह आणि तारखेसह.

जो द्यायच्या लायकीचा नाही तो टाकावा. मोरीत, गटारात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. उरलेला थोडा रंग वाळूत किंवा लाकडाच्या भुशात मिसळून मुलांपासून दूर, उघड्या हवेत पूर्ण वाळू द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले. तेव्हा ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून, वर "रंग" असे लिहून घंटागाडीवाल्याला सांगून द्यावेत. जाळू नयेत. जाळले तर शिसे नाहीसे होत नाही, धुरावाटे आपल्याच घरी परत येते. रिकाम्या डबीत तुळशीचे रोप लावणे किंवा मुलाला खेळायला देणे, हे टाकाऊतून टिकाऊ येथे नको.

माझे म्हणणे

छंदाला माझा विरोध नाही. उलट तासन् तास पडद्यावर डोळे लावून बसण्यापेक्षा मुलाने विमानाच्या पंखावर बारीक रेघ ओढत बसावे, हे मला केव्हाही आवडेल. त्याने हात स्थिर होतो, चिकाटी येते. म्हणूनच हा छंद सुरक्षित राहिला पाहिजे, आणि त्याचा सगळा भार आईबापांवर टाकून चालणार नाही.

हार्डवेअर दुकानदारांना माझी विनंती आहे की, पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत थिनर, टर्पेंटाईन भरून देऊ नका. गिऱ्हाईक रागावेल, दहा रुपयांची विक्री जाईल, जाऊ द्या. छोट्या, घट्ट झाकणाच्या, नाव छापलेल्या बाटल्या ठेवा. शाळांना विनंती की, प्रदर्शनाच्या मॉडेलसाठी लहान वर्गांतल्या मुलांना तेलरंग आणि स्प्रे आणायला सांगू नका. पाण्याच्या रंगाने धरण तितकेच निळे दिसते. नगरपालिकांनी वर्षातून दोनदा, गणेशोत्सव आणि दिवाळी झाल्यावर, जुने रंग आणि थिनर गोळा करण्याचा एकेक दिवस ठरवावा. त्याला फार खर्च नाही. एक गाडी, दोन माणसे आणि वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना पुरे.

आणि घरातल्या मोठ्यांना एकच सांगणे. येत्या रविवारी अर्धा तास काढा. माळ्यावरचे खोके खाली घ्या. २०१७ च्या आधीची, लेबल नसलेली, गंजलेली, कुजका वास येणारी प्रत्येक डबी बाजूला काढा. थिनर खाण्यापिण्याच्या बाटलीत असेल तर ते त्याच दिवशी घराबाहेर घंटागाडीची वाट पाहत कुलपात जाऊ द्या, आणि नवे आणाल तेव्हा कारखान्याच्या मूळ बाटलीतच आणा. उरलेल्यांवर तारीख लिहा. हे काम करताना घरातल्या मुलाला जवळ बसवा आणि कोणती डबी का टाकली, ते त्याला सांगा. पुढची डबी तो स्वतः तारीख पाहून घेईल.